साखळी आणि साक्ष

वस्तू स्वतःविषयी काही सांगत नाही, ही व्यापारातील सर्वांत जुनी अडचण होय. बाजारात मांडलेला बांबू कोणत्या वनातून तोडला, तोडणाऱ्यास त्याचा मोबदला पोहोचला की नाही, मुळात तो तोडण्याचा त्यास अधिकार होता की नाही, ह्यांपैकी एकही गोष्ट त्या बांबूकडे पाहून कळत नाही. तेव्हा माल ज्याच्या हातून आला त्याच्या शब्दावर विसंबावे, अथवा मालाबरोबर एखादा कागद चालवावा, असे दोनच मार्ग मनुष्याने आजवर धरले आहेत. अलीकडे तिसरा मार्ग सापडल्याचा पुकारा होत आहे. ब्लॉकचेन ह्या नावाने ओळखली जाणारी एक हिशेबवही संगणकांवर चालते. तीत एकदा झालेली नोंद मागाहून कोणासही गुपचूप बदलता येत नाही. सबब मालाचा सारा प्रवास ह्या वहीत नोंदला म्हणजे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे कारणच उरणार नाही, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. विश्वासाची गरज संपवणारे साधन मनुष्यास लाभले, हा दावा लहान नव्हे. तो खरा असेल तर नीतिशास्त्रातील एक मोठे प्रकरण मिटले असे समजावे लागेल. तो कितपत खरा आहे हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील अनुभवावरून तपासून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कारण मालाबरोबर कागद चालवण्याची विद्या ह्या प्रदेशाइतकी थोड्याच ठिकाणी घोटली गेली असेल.

प्रथम ही युक्ती काय आहे ते पाहू. तिचे गणित गहन असले तरी तिचे मर्म मराठी वाचकास अपरिचित नाही. जुन्या दप्तरांत लांब मजकुरासाठी कागदाचे बंद एकास एक चिकटवीत, आणि पाठीमागे सांध्यावर शिक्का उठवीत. अर्धा शिक्का एका बंदावर, अर्धा दुसऱ्यावर. मधला एखादा बंद काढून तेथे दुसरा घालू गेल्यास शिक्क्याच्या रेषा जुळत नसत. मजकूर संपला की लेखनसीमेची मुद्रा करीत, म्हणजे तिच्याखाली कोणी एखादी ओळ घुसडू नये. ब्लॉकचेनची कल्पना हीच. नोंदींचा एक गठ्ठा पुरा झाला म्हणजे त्यातील अक्षरन् अक्षरावरून गणिताने एक अंकमुद्रा काढतात आणि ती पुढील गठ्ठ्याच्या आरंभी लिहून ठेवतात. मागील गठ्ठ्यात एक काना इकडचा तिकडे झाला तरी मुद्रा पालटते, आणि पुढचे सारे सांधे उघडे पडतात. शिवाय ही वही एकाच कारकुनाच्या कपाटात नसते. तिच्या प्रती अनेकांपाशी असतात, आणि एकाने आपली प्रत बिघडवली तरी इतरांच्या प्रती त्याच्याविरुद्ध साक्षीस उभ्या राहतात. हेबर व स्टॉर्नेटा ह्या दोघा संशोधकांनी अमेरिकेत १९९१ साली ह्या कल्पनेचा पाया घातला. पुढे १९९५ पासून त्यांच्या पद्धतीतील अंकमुद्रा दर आठवड्यास न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापली जाऊ लागली. घरोघर पोहोचलेल्या वर्तमानपत्राच्या साऱ्या प्रती गोळा करून बदलणार कोण? २००८ साली सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाच्या लेखकाने हीच युक्ती बिटकॉइन ह्या चलनास लावली आणि तेथून ती व्यापाऱ्यांच्या नजरेस आली.

व्यापाऱ्यांना तिचा मोह का पडावा हे समजण्याजोगे आहे. वॉलमार्ट ह्या अमेरिकन दुकानदार कंपनीने आंब्याच्या फोडींच्या एका पुडक्याचे मूळ शोधण्याचा प्रयोग केला. जुन्या कागदपत्रांवरून शोध लागण्यास सहा दिवस आणि सुमारे साडेअठरा तास लागले. नव्या पद्धतीने तेच काम २.२ सेकंदांत झाले. विषबाधेच्या प्रसंगी हे सहा दिवस म्हणजे कित्येकांचे प्राण असू शकतात, हे कोणीही मान्य करील. दुसऱ्या बाजूस, जगातील जहाजी मालासाठी मर्स्क आणि आयबीएम ह्या बलाढ्य कंपन्यांनी २०१८ साली उभारलेली ट्रेडलेन्स नावाची साखळी पुरेसे व्यापारी तीत येईनात म्हणून बंद करीत असल्याचे २०२२ च्या नोव्हेंबरात जाहीर झाले. परस्परांवर विश्वास नको म्हणून काढलेल्या वहीत सामील होण्यासाठीच परस्परांवर विश्वास हवा होता, ही मौजेची गोष्ट आहे. परंतु यशापयशाची ही चर्चा व्यापाराची झाली. नीतीचा प्रश्न निराळा आहे, आणि तो पहिल्या नोंदीपाशी सुरू होतो.

ऊर्जानगरच्या वसाहतीत राहणाऱ्यास हा प्रश्न कोळशावरून चटकन समजेल. तेथील २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र रात्रंदिवस कोळसा जाळीत असते. १ जानेवारी २०१२ पासून आपल्या देशात कोळशाची प्रत त्याच्या उष्णतेवरून ठरते. जी-१ पासून जी-१७ पर्यंत सतरा पायऱ्या आहेत, आणि बहुतेक दोन पायऱ्यांत किलोमागे ३०० किलोकॅलरींचे अंतर असते. खाणीतून निघताना कोळसा एका पायरीचा असतो आणि भट्टीच्या दारी तोच कोळसा खालच्या पायरीचा ठरतो, ही खाणवाले आणि वीजवाले ह्यांच्यातील देशभरची जुनी तक्रार आहे. आता समजा, खाणीवर ‘जी-दहा’ अशी नोंद ब्लॉकचेनवर झाली. ती नोंद अढळ राहील, हजार संगणकांवर एकसारखी राहील. परंतु वाघिणीत दगड असतील तर ते दगडच राहतील. नोंद शुद्ध राहिली म्हणून कोळसा शुद्ध होत नाही. येथे कामास येते ती नमुना घेण्याची जुनी रीत: ढिगाच्या ठिकठिकाणचा कोळसा उचलावा, दळावा, त्याचे भाग करावेत, एक भाग विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा, आणि तंटा झाल्यास तिसऱ्या प्रयोगशाळेत तपासण्यासाठी एक मोहोरबंद भाग राखून ठेवावा. हा तिसरा भाग म्हणजे आपल्या गावकीतील पंच होय. पंचाच्या प्रामाणिकपणावाचून ह्या साऱ्या व्यवहारास अर्थ नाही, आणि पंचाचा प्रामाणिकपणा कोणत्याही वहीत निर्माण होत नाही.

वस्तू आणि नोंद ह्यांतील हे अंतर वनखात्याने फार पूर्वी ओळखले होते. तोडावयाच्या सागवानाच्या बुंध्यावर जमिनीलगत हातोड्याचा शिक्का मारतात, तो झाड तोडल्यावर बुडख्यावर राहतो. तोडलेल्या नगावर क्रमांक पडतो. गाडीबरोबर वाहतूक परवाना चालतो. नाक्यावर नग, क्रमांक आणि परवाना एकमेकांशी ताडून पाहतात. उद्देश हा की, आगारात पडलेला ओंडका बोटाने दाखवून त्याचा बुडखा अमुक कक्षात आहे असे सांगता यावे. येथे निदान नोंद वस्तूच्या अंगावरच कोरली जाते. तथापि हातोडाही शेवटी कोणाच्या तरी हातातच असतो. रात्री तो कोणाच्या घरी राहतो ह्यावर वनाचे रक्षण अवलंबून असते, हे जंगलात नोकरी केलेला कोणीही मनुष्य सांगेल. जाता जाता एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपुराहून सागवान रवाना झाले, तेव्हा शोभायात्रा निघाली आणि हे लाकूड कोठले, हे साऱ्या जिल्ह्यास ठाऊक झाले. जे लाकूड अभिमानाने जाते त्याचा माग काढण्यास साखळी लागत नाही; ती लागते रात्रीच्या गाडीसाठी, आणि त्याच ठिकाणी पहिली नोंद खोटी होण्याचा संभव सर्वांत अधिक.

मग ही नवी वही निरुपयोगी आहे काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. खोटे बोलणारास ती थांबवू शकत नसली तरी तो काय बोलला हे ती विसरू देत नाही. ज्याने ‘जी-दहा’ लिहिले त्याचे नाव, दिवस आणि वेळ त्या नोंदीस जखडलेली राहतात. मागाहून पान फाडता येत नाही, दप्तर भिजले अथवा वाळवीने खाल्ले अशी सबब सांगता येत नाही. आपल्याकडील कित्येक चौकशा दप्तर न सापडल्यामुळे बुडाल्या, हे ध्यानी घेता हा गुण सामान्य नव्हे. मनुष्यास त्याच्या शब्दाशी बांधून ठेवणे हे नीतीचे निम्मे काम आहे.

परंतु उरलेले निम्मे काम कोणते? ज्यास शब्दाशी बांधावयाचे त्यास तो शब्द निवडण्याची मोकळीक होती काय, हे पाहणे. ह्याविषयी महाराष्ट्राच्या इतिहासातील एक धडा विसरण्याजोगा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांवर उठाव केला. पुढे तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. त्या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. कर्जरोखे बाहेर काढून जाळावेत, आणि तेवढे झाले की परतावे. हे रोखे कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होते. त्यांवर कुणब्याचा अंगठा अथवा नांगराची निशाणी होती, तारीख होती, साक्षीदार होते. दोष एवढाच की, त्यांत काय लिहिले आहे हे अंगठा देणारास वाचता येत नव्हते, आणि वाचता आले असते तरी ‘नाही’ म्हणण्याची त्याची ऐपत नव्हती. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ जो कायदा झाला त्यात न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला गेला, आणि रोखे गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद झाली. कागदावर जे आहे तेच सत्य, हे तत्त्व त्या कायद्याने जाणूनबुजून सोडले. दस्तऐवज अढळ असणे आणि व्यवहार न्याय्य असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या काळच्या सरकारासही दंग्यानंतर का होईना उमगले. आजची अढळ वही जाळता येणार नाही. तेव्हा तिच्या मागे जाण्याची वाट आरंभीच राखून ठेवणे अधिक अगत्याचे आहे.

ही भीती काल्पनिक नाही. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ च्या मार्चमध्ये सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर नोंदवल्याचे जाहीर झाले. हेतू स्तुत्य होता. बनावट प्रमाणपत्राच्या बळावर आदिवासींच्या जागा बळकावणारांस त्यामुळे आळा बसावा, आणि एवढ्या दुर्गम मुलखात हे काम प्रथम व्हावे ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ज्याच्यापाशी १९५० पूर्वीचा कागद नाही, ज्याच्या आज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही आणि जमिनीच्या दप्तरात ज्याचे नाव चढले नाही, तो खरा आदिवासी असूनही त्या ६५,००० मध्ये येण्याची वाट त्यास बिकट आहे. वहीतील नोंदीचे खरेपण यंत्र राखते; वहीबाहेर राहिलेल्या मनुष्याचे खरेपण कोण राखणार? नोंद जितकी अधिक प्रमाण मानली जाईल तितका नोंद नसलेला मनुष्य अधिक खोटा दिसू लागेल. ही विद्येची चूक नव्हे, विद्येवर भार टाकून स्वस्थ बसणाऱ्या आपल्या आळसाची आहे.

आता वनोपजाकडे वळू. कारण ह्या प्रश्नाचा गाभा तेथे आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या वनांतील बांबू कित्येक दशके दीर्घ मुदतीच्या करारांनी बल्लारपूरच्या कागद कारखान्यास जात असे. ह्या वाहतुकीस परवाने होते, नोंदी होत्या, नाके होते. त्या साऱ्या नोंदी अक्षरशः खऱ्या होत्या असे आपण क्षणभर मानू. बांबू कोणत्या कूपातून निघाला, किती निघाला, कोठे पोहोचला, सारे बरोबर. ब्लॉकचेनने ह्याहून अधिक काय केले असते? तरीही ज्या गावांच्या शिवारातून तो बांबू निघे, त्या गावांच्या वाट्यास तोडणीच्या मजुरीपलीकडे मालकीचा म्हणून पैसा येत नव्हता. नोंद खरी होती, साखळी अखंड होती, आणि अन्याय त्या साखळीच्या प्रत्येक कडीतून सुखरूप पार होत होता.

तो कोठे अडला ते पाहण्यासारखे आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ह्या गोंड गावास २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्या कायद्याने बांबू गौण वनोपजात गणला आहे. १९२७ च्या वन कायद्याच्या व्याख्येत मात्र तो वृक्षांत मोडत होता. तेव्हा बांबू गावाचा झाला, परंतु तो गावाबाहेर न्यावयाचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवाना देणे वनखात्याच्या हाती. मालकाने आपला माल विकावा, पण तो माल आपला आहे हे लिहून देण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याचा, असा तो विलक्षण प्रकार होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण ह्यांच्या समक्ष मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले, आणि गावचे पुढारी देवाजी तोफा ह्यांचे नाव त्या निमित्ताने देशभर झाले. पुढे २०१२ साली वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने अथवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीने द्यावा असे ठरले.

ह्या प्रसंगात बदलले काय? कागद तोच होता, रकानेही फारसे निराळे नव्हते. ज्याच्याविषयी आजवर लिहिले जात होते तो आता लिहिणारा झाला, इतकेच. आजवर गावकरी हा ज्याच्यावर लक्ष ठेवावयाचे असा संभाव्य चोर होता; आता तो साक्षीदार झाला. संशयित आणि साक्षीदार ह्यांच्या तोंडून एकच वाक्य निघाले तरी त्याचे नैतिक मोल एक नसते. पाळत ठेवून जे सत्य मिळते ते पाळत ढळली की संपते. स्वतःच्या मालाविषयी स्वतःच्या सहीने जो बोलतो त्यास खोटे बोलून गमावण्यासारखे काही असते. म्हणून पुरवठ्याच्या कोणत्याही साखळीविषयी पहिला प्रश्न ‘ती अभेद्य आहे काय’ हा नसून ‘तिची पहिली ओळ कोणाच्या हातची आहे’ हा असला पाहिजे, असे मला वाटते.

दुसरा प्रश्नही आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. आज निघालेल्या बहुतेक साखळ्या एकाच दिशेने पाहतात. शहरातील ग्राहकास पुडक्यावरील चौकोनी ठशावर यंत्र धरून शेतापर्यंत पाहता येते. शेतात उभ्या असलेल्या मनुष्यास ग्राहकापर्यंत पाहता येत नाही. नाशिककडील द्राक्षांसाठी अपेडाने २००६ पासून चालवलेली ग्रेपनेट ही व्यवस्था घ्या. ती ब्लॉकचेन नव्हे, साधी संगणकावरील नोंद आहे, आणि ती चालते ह्याचे कारण बागांची नोंदणी होते व नमुने प्रयोगशाळेत खरोखर तपासले जातात. तिच्यामुळे युरोपातील व्यापाऱ्यास बागायतदाराने कोणते औषध फवारले हे कळू शकते. परदेशच्या फळीवर तीच द्राक्षे काय भावाने विकली गेली, हे बागायतदारास तीच व्यवस्था सांगत नाही. युरोपीय संघाने २०२३ साली वनतोडीविरुद्ध जो कायदा केला त्यातही लाकूड, कॉफी इत्यादी मालासाठी जमिनीच्या तुकड्याचे अक्षांश-रेखांश मागितले आहेत. खालच्याने वरच्यास सारे दाखवावे, आणि वरच्याने खालच्यास काहीच दाखवू नये, ह्यास पारदर्शकता म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. काचेची ही भिंत एका बाजूने आरसा आहे.

मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो तेव्हा ह्या दोन्ही प्रश्नांची कसोटी लागते. पहाटे अंधारात रानात जाऊन आणलेली पाने घरी बसून सत्तर-सत्तरांच्या पुड्यांत बांधावयाची, संध्याकाळी फळीवर रांगांत मांडावयाची, आणि मुन्शीने ती मोजून वहीत आकडा घालावयाचा, असा हा क्रम आहे. हजार पुड्यांची प्रमाण गोणी होते. त्या गोणीचा पुढील सर्व प्रवास, गोदामापासून दूरच्या बिडी कारखान्यापर्यंत, ब्लॉकचेनवर उत्तम नोंदता येईल आणि त्यात कोणास हात घालता येणार नाही. परंतु शंभर पुड्यांतील दहा ‘बारीक’ म्हणून बाजूस सारून मुन्शीने नव्वद लिहिले, तर ते नव्वदच अढळ होतील, आणि दहा पुडे जगातील कोणत्याही वहीत कधीच नव्हते असे ठरेल. ह्या क्षणी तेथे उभी असलेली बाई काय करू शकते? तिला तो आकडा वाचता येतो काय, तो तिच्यासमोर मोठ्याने वाचला जातो काय, तिच्या हरकतीस त्या वहीत रकाना आहे काय, ह्यावर त्या साऱ्या साखळीचे खरेखोटेपण ठरणार आहे.

कित्येक ग्रामसभा हल्ली तेंदू आणि बांबू ह्यांचा लिलाव स्वतः करतात. फळीवर मोजणीस गावचीच शिकलेली मुले बसतात, आणि आकडा गोंडीत अथवा मराठीत सर्वांदेखत वाचला जातो. तेथे भांडणे होत नाहीत असे नाही. कधी मोजणाराच आपल्या नातलगाकडे झुकतो, कधी ठेकेदाराचा पैसा वेळेवर येत नाही. गाव म्हणजे साधुसंतांचा मेळा नव्हे. परंतु मोजणारास दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाणी भरावयाचे असते, आणि ज्यांचे पुडे त्याने मोजले ती माणसे त्यास तेथे भेटतात. ह्या भेटीत जो धाक आहे तो अंकमुद्रेत नाही. अंकमुद्रा त्याच्या जोडीस आली तर सोन्याहून पिवळे. पण त्याच्या जागी आली तर आपण अधिक महाग वस्तू देऊन स्वस्त वस्तू घेतली असे होईल.

केंद्र सरकारने २०२३ च्या डिसेंबरात वनोपजाच्या वाहतुकीसाठी साऱ्या देशास एकच संगणकीय परवाना पद्धती सुरू केली आहे. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्याच्या नाक्यावर चालावा, गाड्या अडून राहू नयेत, हा तिचा लाभ उघड आहे. पुढेमागे तीही ब्लॉकचेनवर चढवण्याची सूचना कोणी करील, आणि ती सूचना वाईट असेल असे नाही. मात्र ती करणारांनी दोन गोष्टी आधी ठरवून द्याव्यात. ग्रामसभेने दिलेला परवाना त्या पद्धतीत ग्रामसभेच्याच सहीने चढेल, की तालुक्याच्या कचेरीतील कोणी तो ‘तपासून’ मग चढवील? आणि गोणी शेवटी ज्या भावाने विकली गेली तो भाव त्याच नोंदीतून उलट वाटेने मेंढा-लेखासारख्या गावाच्या चावडीपर्यंत परत येईल काय? ह्यांपैकी दुसऱ्या गोष्टीस यंत्राच्या बाजूने काहीच अडचण नाही. जी वाट मालास आहे तीच भावासही घेता येते. आजवर तशी मागणी फळीवरून कोणी केली नाही, आणि न मागता ती देण्याचे वरच्या टोकास कोणाला सुचले नाही.